बाबांचा रेडिओ बेंगळुरूला कसा पाठवू?

पत्र

माझे वडील हॅम होते, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं बिनतारी रेडिओवर बोलणारे. गेल्या दिवाळीनंतर ते गेले. त्यांच्या खोलीत केनवूड टीएस-५२०एस हा मोठा रेडिओ, त्यांनी घरीच बांधलेला १३.८ व्होल्टचा पॉवर सप्लाय, वॉकीटॉकीसारखा एक हातातला संच, अँटेना नीट जुळली आहे का ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर आणि मोर्सचे संदेश पाठवायची पितळेची कळ, म्हणजे मोर्स की, एवढं सामान आहे. त्यांच्या एका मित्रानं बेंगळुरूचा एक परवानाधारक मुलगा सुचवला. सगळ्याचे मिळून २२ हजार ठरले, निम्मे त्यानं पाठवलेही. आता पाठवायचं कशानं, यावर घरात रोज चर्चा चालते. भाऊ म्हणतो, विमानाचं कुरिअर कर, महाग आहे म्हणजे नीट नेणार. शेजारचे काका म्हणतात, रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाक, सकाळी पोचतं. ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, आणून द्या, बघू. शिवाय मोर्स की देऊन टाकावी की नाही, हेही ठरत नाही. काही फुटलं तर पैसे परत करीन, पण बाबांचा रेडिओ माझ्या हातून गेला आणि वाटेत फुटला, हे मला सहन होणार नाही.

— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर

ताई, तुमच्या वडिलांकडचा संच मला चांगला ठाऊक आहे. सत्तरच्या दशकातला जपानी रेडिओ, वजन सोळा किलोच्या आसपास. पोटात जाडजूड ट्रान्सफॉर्मर आणि शेवटच्या टप्प्याला काचेच्या दोन ट्यूब, म्हणजे जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह. आजही नीट लावला तर सात मेगाहर्ट्झवर त्याचा आवाज ओळखू येतो. असा संच एका तरुण हॅमकडे चालला आहे याचा मला मनापासून आनंद झाला. तो शाबूत पोचावा म्हणून जे माहीत आहे ते सगळं सांगतो.

कुरिअर, पोस्ट, बस की ट्रान्सपोर्ट हा प्रश्न सगळे दरावरून किंवा नावावरून सोडवतात. मी हात मोजतो. खोका तुमच्या दारातून निघाल्यापासून त्या मुलाच्या टेबलावर ठेवला जाईपर्यंत किती वेळा उचलला आणि किती वेळा खाली ठेवला जाणार? मोडतोड हमरस्त्यावर धावत्या गाडीत क्वचित होते. ती होते गाडी बदलताना, गोडाऊनच्या फळीवरून खाली सरकवताना, पट्ट्यावरून ढकलताना. दहा वेळा उचललेला खोका एकदा तरी कोपऱ्यावर आपटतोच.

या हिशेबानं भावाचं म्हणणं तपासून बघा. कऱ्हाडहून नियमित विमानसेवा नाही. म्हणजे कुरिअरची गाडी घरून शाखेत, शाखेतून पुण्याच्या केंद्रात, तिथून विमानतळावर, तिथं क्ष-किरण तपासणीचा पट्टा, मग विमान, पुन्हा बेंगळुरूचा विमानतळ, केंद्र, शाखा आणि शेवटी डिलिव्हरीचा पोरगा. चढवणं-उतरवणं धरून पंधराच्या वर हात सहज होतात. विमानाचे पैसे वेगाचे असतात. तुमच्या रेडिओला घाई कसली? तो मुलगा आठवडाभर थांबेल.

काकांचा सल्ला हातांच्या दृष्टीनं उत्तम आहे. रात्री एकदा डिकीत चढवला, सकाळी एकदा उतरवला, मध्ये गाडी बदलायची नाही. पुणे-बेंगळुरू हमरस्ता तुमच्या गावावरूनच जातो, त्यामुळे थेट बसही मिळते. तरीही या संचासाठी मी नको म्हणेन. हातात मिळते ती चिठ्ठी, तिच्यावर मालाची किंमत नाही, जबाबदारी कोणाची ते नाही. डिकीत तुमच्या खोक्यावर कोणाची पेटी आणि कोणाचं पोतं पडेल हे क्लीनरलाही माहीत नसतं. आणि पावसाळा तोंडावर आहे. डिकीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात पुठ्ठा तासाभरात लोळागोळा होतो. पुस्तकं, कपडे, केबलचं भेंडोळं यासाठी बस जरूर वापरा.

मग राहतं रस्त्यानं जाणारं ट्रान्सपोर्ट. मी तेच निवडलं असतं, पण काही गोष्टी ठरवून घेतल्यावरच. कऱ्हाडच्या शाखेत बुकिंग केलंत तर माल बहुधा आधी छोट्या गाडीनं मोठ्या केंद्रावर जाईल आणि तिथं मोठ्या ट्रकमध्ये चढेल. त्यापेक्षा भावाच्या गाडीत मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधून खोका कोल्हापूरला न्या. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर तर आहे. बेंगळुरूची गाडी जिथं भरते त्या गोडाऊनमध्ये बुकिंग करा. क्लार्कला सरळ विचारा, “हा माल वाटेत कुठं उतरतो का?” कर्नाटकात जाणारा बराच माल हुबळीला गाडी बदलतो. एकाच गाडीत थेट बेंगळुरू मिळत असेल तर एक दिवस उशीर झाला तरी तेच घ्या. आणि पलीकडं घरपोच न मागता गोडाऊन डिलिव्हरी मागा. त्या मुलाला स्वतः जाऊन खोका उचलू दे. घरपोच म्हटलं की आणखी एक टेम्पो, आणखी दोन हमाल, आणि तिसऱ्या मजल्याचा जिना. एवढं केलंत तर हात पाच-सहावर येतात.

रेल्वेचं पार्सलही पुष्कळ हॅम वापरतात. फलाटावरची हातगाडी आणि पार्सल डब्यातली रचाई मी पाहिली आहे, म्हणून ट्यूबचा संच तिथं देत नाही.

आता पैशांच्या जबाबदारीबद्दल. हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथंच माणसं फसतात. काही वर्षांपूर्वी मी एक अँटेना ट्यूनर नागपूरला पाठवला. कोणाकडून ते सांगत नाही, कारण ही गत कुठंही झाली असती. आतल्या फिरत्या कॉइलचा चिनीमातीचा आधार तुटून पोचला. भरपाई मागितली तेव्हा पावतीच्या मागं बारीक अक्षरात छापलेल्या अटी मी पहिल्यांदा वाचल्या. त्यात जी रक्कम लिहिली होती तिच्यात ट्यूनरची एक गुंडीही आली नसती. घेणाऱ्याला मी सगळे पैसे परत केले, आणि तेव्हापासून पावती आधी उलटी करून वाचतो.

रस्त्यानं माल नेणाऱ्यांना २००७ चा कायदा लागू आहे. त्याप्रमाणे तुम्ही मालाची किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. समजा भाडं ६०० रुपये झालं. रेडिओ पुरता नष्ट झाला तरी सहा हजारांच्या वर हक्क सांगता येत नाही. रेल्वेतही तसंच. किंमत जाहीर करून त्यावरचा टक्का भरला नाही तर हिशेब किलोला ५० रुपयांचा, म्हणजे वीस किलोच्या खोक्याला हजार रुपये. म्हणून पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का पडत असेल तर तिथंच थांबा. किंमत लिहायला लावा, जादा दर भरा, आणि तो भरल्याचं पावतीवर दिसतंय का ते बघा. विमा म्हणून काही विकत असतील तर एकच प्रश्न विचारा: जुन्या, वापरलेल्या वस्तूची मोडतोड यात येते का, की फक्त हरवलं तरच? जुन्या यंत्रांना मोडतोड वगळलेली असणं नेहमीचं आहे. वगळली असेल तर ते पैसे चांगल्या फोमवर खर्च करा. किंमतीचा पुरावा म्हणून त्या मुलानं बँकेतून पाठवलेल्या पैशांची नोंद जपून ठेवा. पन्नास वर्षांच्या रेडिओचं बिल आणणार कुठून? आणि काही बिघडलंच, तर याच कायद्याप्रमाणे बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवरच्या आश्वासनांवर महिने घालवू नका.

कागदपत्रांचं मात्र ट्रान्सपोर्टच्याही आधी बघा. आपल्याकडं १९३३ सालापासून बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागतो, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही ती अट आहे. वडिलांचा परवाना त्यांच्या नावावर होता, तो वारसाहक्कानं तुमच्याकडं येत नाही. म्हणून संच परवानाधारकाकडं जातोय हे योग्यच आहे, पण ते कागदावर दिसलं पाहिजे. त्या मुलाकडून त्याच्या परवान्याची प्रत मागवा आणि त्यावरचं नाव व पैसे पाठवणाऱ्याचं नाव एकच आहे ना, ते पाहा. मग साध्या कागदावर लिहा: वडिलांच्या वैयक्तिक वापरातला जुना हौशी रेडिओ संच, मेक, मॉडेल, अनुक्रमांक, किंमत, वडिलांचा परवाना क्रमांक, घेणाऱ्याचा परवाना क्रमांक. खाली सही. एक प्रत खोक्यात सगळ्यात वर, एक पावतीला जोडून, एक तुमच्याकडं. विक्रीचं हे पत्र वडिलांच्या परवान्याच्या फायलीत कायम राहू दे.

काही जण सांगतील, ‘ट्रान्समीटर’ लिहू नका, ‘घरगुती सामान’ लिहा, उगाच प्रश्न विचारतात. ऐकू नका. खोटं वर्णन लिहिलेल्या मालाची भरपाई कोणी देत नाही, आणि वाटेत कोणी खोका उघडला तर तुमचा खरा कागदच संशयास्पद ठरतो. ई-वे बिलाची, म्हणजे मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाची, भीती कोणी घातली तर, वापरलेल्या वैयक्तिक वस्तूंना ते लागत नाही, आणि तुमची रक्कम तशीही पन्नास हजारांच्या आतच आहे.

आता सामान वेगळं करू या, कारण सगळं एका खोक्यात गेलं तर वर लिहिलेलं काहीच उपयोगाचं नाही. तो पॉवर सप्लाय आधी बाजूला काढा. टीएस-५२०एस थेट घरच्या विजेवर चालतो, त्याला १३.८ व्होल्ट लागतच नाहीत. वडील तो दुसऱ्या कुठल्या संचासाठी वापरत असणार. त्या मुलाला विचारा, तुला खरंच हवा आहे का? आतला ट्रान्सफॉर्मर जड असतो, आणि घरी बांधलेल्या सप्लायमध्ये तो बहुधा चार स्क्रूंवर पत्र्याला लटकलेला असतो. खोका एकदा आपटला की स्क्रू पत्रा फाडून बाहेर येतात आणि आतला लोखंडी गोळा मोकळा फिरतो. वाहतुकीवर खर्च करण्यापेक्षा त्याला बेंगळुरूतच नवा मिळेल. साताऱ्यात किंवा पुण्यात एखादा नवशिका हॅम तो आनंदानं घेऊन जाईल, आणि ही रक्कम ठरलेल्या किंमतीतून वजा करा. तरीही पाठवायचाच झाला तर त्याचा खोका पूर्ण वेगळा.

हातातला संच आणि मीटर हलके आहेत. ते स्पीड पोस्टनं पाठवा. पोस्टात पस्तीस किलोपर्यंत घेतात, विमाही उतरवता येतो, आणि एवढ्याशा वस्तूला पोस्टाइतकं कुठंही पोचणारं दुसरं काही नाही. मात्र त्या संचाची लिथियम बॅटरी काढून ठेवा. स्पीड पोस्टच्या पिशव्या विमानानं जातात, आणि सुट्या लिथियम बॅटऱ्यांना तिथं मज्जाव असतो. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा, ती छोट्या डबीत ठेवा आणि रस्त्यानं जाणाऱ्या खोक्यात एका कोपऱ्यात घट्ट बसवा. कागदावर तसं लिहाही.

मोठ्या संचाच्या ट्यूबबद्दल एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगतो. त्या काढून वेगळ्या गुंडाळाव्यात असं माझं मत आहे, पण त्या तुम्ही काढू नका. भावानंही काढू नयेत. त्या जागी आठशे व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि वायर भिंतीतून काढली तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. वडिलांच्या त्या मित्राला घरी बोलवा. ते आधी संच चालवून दाखवतील आणि तुम्ही मोबाइलवर ते टिपून घ्या: डायल उजळलेली, आवाज येतोय, मीटरचा काटा हलतोय, मागचा अनुक्रमांक दिसतोय. मग एक दिवस संच बंद ठेवून ते ट्यूब काढतील, कुठली कुठल्या सॉकेटची त्यावर चिठ्ठी लावतील. त्या मुलाला कळवा की ट्यूब बसवल्याशिवाय आणि मागचा व्होल्टेज निवडायचा स्विच तपासल्याशिवाय संच चालू करायचा नाही. त्यानंही खोका उघडताना पहिल्या चिकटपट्टीपासून व्हिडिओ घ्यावा.

खोका बांधायला एक अख्खी दुपार काढा. संच आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, बरोबर सिलिका जेलच्या पाच-सहा पुड्या. थर्माकोलचे मणी वापरू नका, ते हवेच्या फटींतून आत शिरतात. वर्तमानपत्राचे बोळेही नकोत. वाटेत ते दबतात आणि संच खोक्यात खुळखुळायला लागतो. गादीवाल्याकडं किंवा फर्निचरवाल्याकडं दाट फोम मिळतो, दोन इंची घ्या. पुढच्या बाजूला फोमची चौकट कापा, म्हणजे दाब कॅबिनेटच्या कडांवर येईल, ट्युनिंगच्या मोठ्या गुंडीवर येणार नाही. त्या गुंडीचा दांडा वाकला तर तो सरळ करणारा माणूस आज सहज सापडत नाही. सगळीकडून दोन इंच फोम, मग पहिला खोका. त्याच्या भोवती पुन्हा दोन इंच फोम, मग दुसरा, पाच पदरी पुठ्ठ्याचा. ट्रान्सपोर्टवाला लाकडी पेटीचा आग्रह धरेल. पेटी वरून पडणाऱ्या वजनापासून वाचवते, आपटण्यापासून फोमच वाचवतो. पेटी करायचीच तर या दोन खोक्यांच्या बाहेरून करा, त्यांच्याऐवजी नको.

संच साधारण तेहतीस सेंटिमीटर रुंद, पंधरा उंच आणि तेहतीस खोल आहे. असं बांधल्यावर बाहेरचा खोका ५३ गुणिले ३५ गुणिले ५३ सेंटिमीटर होतो. विमानाची कुरिअर घनसेंटिमीटरमधल्या आकारमानाला ५००० नं भागून किलोत वजन काढतात, ते जवळपास वीस किलो येतं, आणि खरं वजनही तेवढंच भरेल. म्हणजे आकारमानाच्या भीतीनं फोम कमी करण्यात तुमचा एक रुपयाही वाचत नाही. दोन बाजूंना सुतळीच्या जाड दोरीच्या मुठी करा. ‘नाजूक’ असं लाल अक्षरात लिहिल्यानं फार फरक पडत नाही, मुठींनी पडतो. पकडायला जागा असली की माणूस खोका उचलून ठेवतो. नसली की ढकलतो.

हे सगळं करण्याआधी एक फोन मात्र करा. त्या मुलाला विचारा, तूच येतोस का? बेंगळुरूहून रात्रीची बस, सकाळी कऱ्हाड. हॅमफेस्टला, म्हणजे हॅम मंडळींच्या मेळाव्याला, लोक दर वर्षी असेच संच मांडीवर घेऊन येतात-जातात. तो आला तर वडिलांच्या टेबलावर, वडिलांच्या अँटेनावर संच चालू असताना बघेल, त्यांच्या मित्राकडून तो ट्यून करायला शिकेल, आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये पायाशी ठेवून घेऊन जाईल. बसच्या भाड्यापोटी त्याला किंमतीत थोडी सूट द्या. तसं झालं तर वरच्या निम्म्या मजकुराची गरजच उरणार नाही.

वडिलांचं लॉगबुक, म्हणजे संपर्कांच्या नोंदींची वही, आणि संपर्काची पोच म्हणून जगभरातून आलेली क्यूएसएल कार्डं संचाबरोबर देऊ नका. ती मागायचा कोणाला हक्क नाही. आणि मोर्स कीबद्दल तुम्ही विचारलंत, तर ती ठेवा. की म्हणजे नुसता एक स्विच असतो, तिला परवाना लागत नाही, ती तुमच्या टेबलावर राहू शकते. त्या मुलाला तशीच दुसरी बेंगळुरूत मिळेल. तिच्या मुठीवर तुमच्या वडिलांच्या बोटांनी झालेली झीज मात्र फक्त तुमच्या घरात आहे.